मुशींतून वांचलेलीं नाणीं

बीड जिल्ह्यांतील जुन्या माळवदी घरांत, कोठीच्या खोलींत, एखादा पितळी डबा किंवा कुलूप गंजलेली लहानशी पेटी अद्याप सांपडते. तींत जीं नाणीं निघतात त्यांत पंचम जॉर्जच्या छापाचा, १९१८ सालचा रुपया पुष्कळदां असतो. हा रुपया दुर्मिळ नाहीं. त्या वर्षीं मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनीं प्रत्येकीं वीस कोटींहून अधिक रुपये पाडले. सराफ तो तराजूंत टाकतो, तोळ्याचा भाव सांगतो, आणि घरांतील तरुण मंडळी त्या भावावर खूष होऊन घरीं परततात. परंतु हाच रुपया अमेरिकेंतील एखाद्या जाणत्या संग्राहकाच्या तळहातावर ठेवला, तर तो क्षणभर गप्प राहील. आपल्या संग्रहाच्या चौकटींत जे डॉलर बसवावयाचे राहून गेले आहेत, जे शोधतां शोधतां त्याच्या वडिलांचें आयुष्य गेलें, त्यांचीच चांदी ह्या रुपयांत येऊन बसली असण्याचा पुष्कळ संभव आहे, हें तो जाणतो.

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन चांदीचीं नाणीं जमविणें हा छंद बीडच्या श्रोत्यांना दूरदेशींचा वाटेल, आणि तो तसा आहेही. तरी त्या छंदाचा इतिहास आपल्या घरच्या रुपयापर्यंत येऊन पोहोंचतो. नाणें दुर्मिळ कसें होतें, ह्या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला म्हणजे हें उमगतें. सामान्य समज असा कीं, टांकसाळींत जें नाणें थोडें पाडलें तें दुर्मिळ आणि जें पुष्कळ पाडलें तें सवंग. हा समज अर्धाच खरा आहे. नाण्याची दुर्मिळता टांकसाळींत जितकी ठरते, त्याहून अधिक ती मुशींत ठरते.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांतून गहूं, ताग, कातडीं असा माल सरकारसाठीं प्रचंड प्रमाणांत खरेदी होत होता. मेसापोटेमियांतील फौजेच्या खर्चाचा मोठा भागही येथूनच भागवावा लागे. मालाची किंमत खेड्यापाड्यांत रुपयांनीं चुकती होई, आणि हातीं आलेला रुपया शेतकरी घरांत ठेवी, नाहींतर सोनाराकडे नेऊन त्याचे तोडे करी. रुपया गेला तो परत बाजारांत येईना. सरकारनें १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची काढली. कागदावर लोकांचा भरंवसा बसेना. १९१८ च्या वसंत ऋतूंत जर्मनीच्या चढाईच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां तर नोटा घेऊन रोख रुपये मागणारांची गर्दी कचेऱ्यांपुढें उभी राहिली. नोटेस रुपया देण्याचें वचन मोडलें असतें तर त्या सरकारची पत एका दिवसांत बुडाली असती. इतकी चांदी लंडनच्या बाजारांत मिळण्यासारखी नव्हती. ती एकाच ठिकाणीं होती : अमेरिकन सरकारच्या तळघरांत, हजार हजार डॉलरांच्या पिशव्यांत बांधून ठेवलेली.

हे डॉलर तेथें कां पडून राहिले होते, त्याचीही एक मौज आहे. नेव्हाडा प्रांतांतील कॉमस्टॉक येथें चांदीची अपूर्व खाण लागली, आणि पश्चिमेकडील खाणवाल्यांना आपल्या चांदीला हमखास गिऱ्हाईक हवें झालें. त्यांच्या दडपणानें १८७८ सालीं कायदा होऊन सरकारावर दर महिन्यास कमींत कमी वीस लाख आणि अधिकांत अधिक चाळीस लाख डॉलरांची चांदी विकत घेण्याची सक्ती झाली. ह्या चांदीचे जे डॉलर पाडले त्यांवरील स्वातंत्र्यदेवतेचें मुख जॉर्ज मॉर्गन नांवाच्या कारागिरानें कोरलें, म्हणून संग्राहक त्यांना मॉर्गन डॉलर म्हणतात. ते १८७८ पासून १९०४ पर्यंत अव्याहत पडत राहिले. पण सव्वादोन तोळ्यांहून जड असें हें नाणें खिशांत वागवावयास लोक राजी नव्हते. त्यांनीं त्याच्याऐवजीं कागदी दाखले पसंत केले आणि डॉलर तळघरांत साठत गेले. आपल्याकडे लोकांना कागद नको होता, चांदी हवी होती; तिकडे चांदी नको होती, कागद हवा होता. अशा दोन स्वभावांची गांठ १९१८ सालीं पडली.

त्या वर्षीं वॉशिंग्टन येथें इंग्लंडचे वकील म्हणून लॉर्ड रीडिंग होते. पुढें १९२१ सालीं हेच गृहस्थ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले. त्यांच्या खटपटीस यश येऊन २३ एप्रिल १९१८ रोजीं अमेरिकेंत कायदा मंजूर झाला. तो मांडणारे सेनेटर की पिटमन हे नेव्हाडाचेच, म्हणजे चांदीच्या खाणींच्या मुलखाचे होते. कायद्यानें पस्तीस कोटींपर्यंत डॉलर वितळविण्याची मुभा दिली. प्रत्यक्षांत २७,०२,३२,७२२ डॉलर मुशींत गेले, आणि त्यांपैकीं २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी लगडींच्या रूपानें इंग्लंडास, म्हणजे बहुतांशीं हिंदुस्थानच्या टांकसाळींस विकली गेली. शुद्ध चांदीचा भाव औंसाला एक डॉलर असा ठरला होता.

येथें थोडें गणित केल्यावांचून राहवत नाहीं, कारण तें फार सुबक आहे. अमेरिकन डॉलरचें वजन ४१२½ ग्रेन, त्यांत नऊ-दशांश चांदी. म्हणजे शुद्ध चांदी ३७१¼ ग्रेन. कलदार रुपयाचें वजन १८० ग्रेन, त्यांत अकरा-द्वादशांश चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १६५ ग्रेन. आतां ३७१¼ ला १६५ नीं भागलें तर उत्तर बरोबर सव्वादोन येतें, बाकी कांहीं उरत नाहीं. एक डॉलर वितळला कीं दोन रुपये चार आणे तयार. ह्या हिशेबानें त्या पंचवीस कोटी एक्याण्णव लाख डॉलरांतून सुमारें ५८ कोटी ३० लाख रुपयांना पुरेल इतकी चांदी आली. १९१८ च्या प्रत्येक रुपयांत ती असेलच असें म्हणतां येणार नाहीं, कारण इतर ठिकाणचीही चांदी त्या भट्ट्यांत पडत होती. पण त्या एक-दोन वर्षांचा रुपया हातांत घेऊन असा तर्क केला तर तो हवेंतला ठरत नाहीं.

संग्राहकाच्या दृष्टीनें ह्या प्रकरणांतील सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, मुशींत गेलेल्या डॉलरांची सालवार यादी कोणी ठेवली नाहीं. पिशव्या मोजल्या, उघडल्या आणि ओतल्या. कोणत्या सालचे किती गेले, कोणत्या टांकसाळीचे किती गेले, ह्याचा आज पत्ता लागत नाहीं. त्यामुळें टांकसाळीच्या वहींत जो आंकडा लिहिलेला आहे त्यावरून आज किती नाणीं शिल्लक आहेत हें सांगतां येत नाहीं. ज्या सालचे लाखों डॉलर पडले असें वही सांगते त्या सालचा एक स्वच्छ डॉलर मिळण्यास मारामार पडते, आणि ज्याचे थोडे पडले त्याच्या पिशव्याच्या पिशव्या अकस्मात बाहेर येतात.

१८९५ सालचें उदाहरण घ्या. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनें त्या वर्षीं संग्राहकांसाठीं आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागाचे ८८० डॉलर पाडले. शिवाय व्यवहारासाठीं १२,००० पाडले असें वही सांगते. त्या बारा हजारांपैकीं एकही आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेला नाहीं. ते १९१८ च्या मुशींत गेले असें कित्येक मानतात. ते पाडलेच नव्हते, हिशेबनिसानें वहींत मागल्या सालच्या छापाचे मांडून ठेवले, असें दुसरे म्हणतात. वाद मिटलेला नाहीं, आणि ८८० डॉलरांपैकीं एखादा विक्रीस आला म्हणजे त्यासाठीं श्रीमंतांची झोंबाझोंबी होते.

याच्या उलट १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्स येथील डॉलर. वहीप्रमाणें तो चव्वेचाळीस लाखांवर पाडला होता, परंतु बाजारांत तो दिसेचना. सारे पिटमनच्या कायद्याखालीं वितळले असावेत असा समज दृढ झाला, आणि न वापरलेल्या एका नाण्याचा भाव दीड हजार डॉलरांपर्यंत चढला. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरींतील एक जुनें दालन उघडून नाताळसाठीं डॉलर वांटावयास काढले, तों ह्याच नाण्याच्या पिशव्याच बाहेर आल्या! हजारांचा भाव दहा-वीसांवर उतरला. ज्यांनीं घरदार गहाण टाकून तें नाणें घेतलें असेल त्यांची कीव येते. हें शतक संपल्यानंतरचें नाणें, म्हणून आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचें. पण गोष्ट सांगितल्यावांचून सोडवेना. त्यानंतर दोन वर्षांतच सरकारनें चांदीचे डॉलर देणें बंद केलें. कार्सन सिटी ह्या नेव्हाडांतील लहान टांकसाळीचे जवळजवळ तीस लाख डॉलर तेवढे मागें राहिले होते. ते १९७२ पासून १९८० पर्यंत लोकांना टपालानें विकले.

एका नाण्याचा तर हिंदुस्थानशीं याहूनही जवळचा संबंध जोडतां येतो. १८९३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें अवघे एक लाख डॉलर पडले, आणि चालू छापाच्या मॉर्गन डॉलरांत आज हाच सर्वांत दुर्मिळ गणला जातो. त्या वर्षीं अमेरिकेंत पेढ्या बुडत होत्या, आगगाडीच्या कंपन्या दिवाळें काढीत होत्या. अशांत २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थान सरकारनें आपल्या टांकसाळी खाजगी लोकांच्या चांदीस बंद केल्या. तोंवर कोणीही चांदी घेऊन जावें आणि तिचे रुपये पाडून आणावे, अशी मोकळीक होती. जगांतील चांदीचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक बाजारांतून उठलें, चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोंतील खाणी धडाधड बंद पडल्या. त्याच वर्षीं १ नोव्हेंबर रोजीं अमेरिकन सरकारनें चांदी खरेदीचा आपला कायदा रद्द केला. ह्या साऱ्याचें खापर एकट्या आपल्या टांकसाळींच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तरी इकडे एक दार लागलें आणि तिकडे खाणीच्या तोंडाशीं कामकऱ्यांची रोजी तुटली, हें खरें आहे.

१८०४ सालच्या डॉलरची कथा पुष्कळांनीं ऐकली असेल, म्हणून ती थोडक्यांत सांगणें बरें. ह्या सालाचे अगदीं थोडे डॉलर ज्ञात आहेत आणि त्यांतील एकही १८०४ सालीं पाडलेला नाहीं. अमेरिकेच्या वकिलानें पूर्वेकडील राजांना नजराणा द्यावा म्हणून १८३४ च्या सुमारास नाण्यांचे संच तयार केले. त्यांत जुन्या वहीच्या आधारानें हें साल घातलें गेलें. एडमंड रॉबर्ट्स ह्या वकिलानें त्यांतील एक संच मस्कतच्या सुलतानाकडे नेला आणि एक सयामच्या राजाला दिला. १८३५ सालीं रॉबर्ट्सचें 'पीकॉक' जहाज मस्कतच्या वाटेवर मसिरा बेटापाशीं वाळूंत रुतलें, आणि नजराणा पोहोंचवून झाल्यावर दुरुस्तीसाठीं मुंबईच्या गोदींत आलें. सयामला द्यावयाचा संच त्या वेळीं जहाजावरच असला पाहिजे. ज्या नाण्यासाठीं आज कोट्यवधि रुपये मोजतात तें मुंबईच्या धक्क्याला लागून गेलें आणि कोणाला खबरही नव्हती.

व्यापारासाठीं काढलेला डॉलर हें आणखी एक प्रकरण. १८७३ पासून अमेरिकेनें चीनच्या व्यापाराकरितां ४२० ग्रेनांचा जड डॉलर काढला, आणि वजन व कस त्याच्या अंगावरच कोरले. चिनी सराफ प्रत्येक नाणें पारखून त्यावर आपला लहानसा शिक्का मारीत. कित्येक डॉलरांवर असे दहा-दहा शिक्के दिसतात. आपल्याकडील सराफही परक्या मुलखाच्या रुपयावर असेच खुणेचे ठोसे मारीत, आणि दख्खनच्या जुन्या रुपयांवर ते अद्याप दिसतात. कित्येक संग्राहकांना असें डागी नाणें नको असतें. वस्तुतः हे डाग म्हणजे त्या नाण्याच्या प्रवासाचा दाखलाच होय. ह्या डॉलरांपैकीं १८८४ चे दहा आणि १८८५ चे पांच एवढेच ज्ञात आहेत. त्यामुळें भारतांतील जुन्या बाजारांत कोणी तीं सालें दाखवूं लागला, तर त्याला नमस्कार करून पुढें जावें. एवढेंच नव्हे, तर कोणत्याही सालचा व्यापारी डॉलर येथें स्वस्तांत मिळूं लागला तर तो खोटा असण्याचाच संभव अधिक. खरा डॉलर २७.२२ ग्रॅम भरतो. खोटा बहुधा कमी भरतो, कधीं लोहचुंबकालाही चिकटतो, आणि ओतीव असेल तर त्याच्या कडेला सांध्याची रेघ दिसते. परदेशीं गेलेलीं आपलीं मुलें हल्लीं चांदीचा डॉलर भेट म्हणून आणतात. त्यांनीं १९२१ हें साल पाहून हुरळून जाऊं नये. वितळविलेल्या डॉलरांची भरपाई म्हणून त्या वर्षीं मॉर्गनच्याच छापाचे आठ कोटींहून अधिक डॉलर पुन्हां पाडले गेले. तो डॉलर त्या जातींत सर्वांत सवंग आहे.

अमेरिकेंतील संग्राहकाची ही सारी धडपड ऐकून घेतल्यावर बीड जिल्ह्यांतील त्या पितळी डब्याकडे वळावें. त्यांत कलदाराच्या जोडीला दुसरा एक रुपया असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. तो हाली शिक्का. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता आणि येथील बाजार हाली रुपयावर चाले. आष्टीची सीमा इंग्रजी अमलांतील नगर जिल्ह्याला लागलेली, अंबाजोगाईस म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस कंटिन्जंट घोडदळाची छावणी. त्यामुळें कलदारही येथें अनोळखी नव्हता. हाली देऊन कलदार घ्यावयाचा तर बट्टा द्यावा लागे. पुढें हा बट्टा सात हालीस सहा कलदार असा स्थिरावला. चारमिनार छापाच्या हाली रुपयाचें वजन सुमारें ११.१८ ग्रॅम आणि शंभरांत सुमारें ८२ भाग चांदी, कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि शंभरांत ९१⅔ भाग चांदीचा. सात हाली रुपयांतील शुद्ध चांदी काढली तर ती सुमारें ६४ ग्रॅम येते, सहा कलदारांतीलही सुमारें ६४ ग्रॅमच येते. ज्यांना बट्टा ही सराफांची लबाडी वाटे त्यांनीं हा हिशेब करून पाहावयास हवा होता.

एकोणिसाव्या शतकांतील हाली रुपया हातोड्यानें ठोकून पाडीत. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून लेखाचा कांहीं भाग नेहमीं चकतीच्या बाहेर जाई. एका रुपयावर साल येतें तर नांव येत नाहीं, दुसऱ्यावर नांव येतें तर साल जातें. पुरा लेख वाचावयाचा तर दहा-बारा रुपये शेजारीं मांडून एकाचें तुटलेलें अक्षर दुसऱ्यावर शोधावें लागतें. १८५७ पर्यंत ह्या रुपयांवर दिल्लीच्या मोगल बादशहांचीं नांवें असत. दिल्लीचें तख्त गेल्यावर त्या जागीं निजामुल्मुल्क आसफजाह हें नांव आलें आणि सोबत ९२ हा आंकडा आला. हा आंकडा सालाचा नव्हे. अरबी अक्षरांना अंक देण्याची अबजद नांवाची रीत आहे. तिच्याप्रमाणें मुहम्मद ह्या नांवांतील मीम, हे, मीम आणि दाल ह्यांचे ४०, ८, ४० व ४ मिळून ९२ होतात. ज्याच्या कारकीर्दींत नाणें पडलें त्या निजामाच्या नांवाचें एक अक्षरही कोठेंतरी बारीक कोरलेलें असतें : नासिरुद्दौल्यासाठीं नून, अफजलुद्दौल्यासाठीं अलिफ, महबूब अलीखानांसाठीं मीम. टांकसाळीचें नांव 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद', म्हणजे शुभ पायावर वसलेलें हैदराबाद. शतकाच्या अखेरीस यंत्र आलें, आणि १९०४ च्या सुमारास चारमिनारच्या चित्राचा गुळगुळीत रुपया सुरू झाला. त्यावरील तें अक्षर चारमिनारच्या दाराच्या कमानींत बसविलेलें आहे. तेथें मीम असेल तर सहावे निजाम, ऐन असेल तर सातवे.

निजामी अमलांत शाळेंत उर्दू शिकलेल्या पिढीला हीं अक्षरें सहज वाचतां येत. ती पिढी आतां जवळजवळ संपली. नातवंडांना रुपयावरील लेख म्हणजे नक्षी वाटते. आणि जें वाचतां येत नाहीं तें वजनावर विकलें जातें. हाली नाणें १९५१ नंतर निघेनासें झालें आणि १९५९ सालीं तें चलनांतून कायमचें बाद झालें. चलनांतून गेलेल्या रुपयाला सोनाराशिवाय दुसरें दार उरत नाहीं. कांहीं रुपयांना कडी जोडून बंजारा स्त्रियांनीं ते गळ्यांत घातले, ते निदान दिसत तरी राहिले. बाकीच्यांचे तोडे झाले, वाळे झाले, पुढें तेही मोडले. १९७२ च्या दुष्काळांत घरची चांदी विकून धान्य आणावें लागलें अशीं घरें ह्या जिल्ह्यांत थोडीं नसतील. पोटासाठीं विकलेल्या रुपयाबद्दल कोणी कोणाला बोल लावूं नये. पोट भरलेलें असतां, नुसता भाव चढला म्हणून, न पाहतां न वाचतां जो डबा उपडा केला जातो त्याची गोष्ट वेगळी आहे.

अमेरिकन डॉलरांची निदान टांकसाळीची वही तरी आहे, आणि शिल्लक नाण्यांची मोजदाद करणारे हजारों संग्राहक तेथें आहेत. त्यांच्या न्यूयॉर्क येथील नाणेशास्त्राच्या संस्थेची स्थापना १८५८ सालची आहे. आपल्याकडे अलाहाबाद येथें अशी संस्था १९१० सालीं निघाली, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथें नाण्यांच्या अभ्यासासाठीं १९८० सालीं एक संशोधन संस्था उभी राहिली. हैदराबादच्या हातठोक रुपयाच्या बाबतींत कोणत्या हिजरी सालाचा, कोणत्या अक्षराचा रुपया किती उरला आहे, हें ठरविण्याचें साधन घरोघरींच्या ह्या डब्यांवांचून दुसरें फारसें नाहीं. धारूरचें मोगली नांव फतेहाबाद. टांकसाळींच्या नामावळींत फतेहाबाद धारूर हें नांव आढळतें. म्हणजे ह्या जिल्ह्याच्या मातींतही नाणें पडलेलें आहे. त्या टांकसाळीचा रुपया धारूरकरांच्या घरीं किती जणांनीं पाहिला असेल?

इंग्रजी रुपयांतही मुशीनें दुर्मिळ केलेले आहेतच. १९११ सालच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी हाकाटी झाली. लोक त्याला डुकराचा रुपया म्हणूं लागले. सरकारनें तो आवरता घेतला आणि न वांटलेल्या नाण्यांची पुन्हां चांदी केली. १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४१ ते १९४३ ह्या काळांत राणी छाप व राजा छाप जुने रुपये टप्प्याटप्प्यानें चलनांतून काढून घेतले. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें हिंदुस्थानला पुन्हां सुमारें बावीस कोटी साठ लाख औंस चांदी दिली होती, ती मात्र उसनवार. स्वातंत्र्यानंतर तिची परतफेड करावयाची, म्हणून अर्ध्या चांदीचीं नाणीं गोळा करून, वितळवून, त्यांतील चांदी वेगळी काढण्यांत आली. पहिल्या युद्धांत डॉलरांचे रुपये झाले. दुसऱ्या युद्धानंतर रुपयांची चांदी आगबोटींत बसून अमेरिकेस निघून गेली.

ज्यांच्या घरीं असा डबा असेल त्यांनीं दोन-चार गोष्टी ध्यानीं ठेवाव्या. नाणें घासूं नये. राख, चिंच, लिंबू, रांगोळी ह्यांनीं तें उजळतें खरें, परंतु त्याबरोबर बारीक अक्षर झिजतें आणि जाणता संग्राहक त्या नाण्याकडे पाठ फिरवितो. काळवंडलेला रुपया तसाच राहूं द्यावा. नाणें कडेनें धरावें, ठशावर बोट ठेवूं नये. कडी जोडलेल्या रुपयाची कडी स्वतः काढावयास जाऊं नये, कारण टांका उकलतांना ठसा भाजतो. जमिनींत किंवा भिंतींत पुरलेलें धन सांपडलें आणि त्याची किंमत दहा रुपयांवर असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांना लेखी वर्दी देणें भाग आहे. दडवून ठेवण्यांत शहाणपण नाहीं आणि तें गुन्ह्यांत मोडतें. शंभर वर्षांवरचें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें आणि तें खाजगी माणसाला देशाबाहेर नेतां येत नाहीं. १९१८ चा तो रुपयाही आतां ह्या वयाचा झाला आहे. परदेशीं असलेल्या मुलाला आजोबांचे रुपये धाडूं पाहणाऱ्या घरांना हें ठाऊक नसतें.

आणि डबा उघडल्याबरोबर सराफाकडे धांव घेण्यापूर्वीं एक दुपार त्यासाठीं राखून ठेवावी. रुपये रंगाप्रमाणें किंवा आकाराप्रमाणें वेगळे करण्याआधीं, ते ज्या क्रमानें आणि ज्यांच्या सोबतीनें निघाले तसेच मांडून त्यांची यादी करावी. किती कलदार, किती हाली, कोणतें साल, कोणतें अक्षर, कोणावर सराफाचा ठोसा आहे, कोणाला कडी आहे, हें एका वहींत उतरावें. घर कोणत्या गांवचें, डबा कोठें ठेवलेला होता, तो कोणाच्या हातचा, एवढें वर लिहावें. वाचतां न येणारें अक्षर जसें दिसेल तसें पेन्सिलीनें काढून ठेवावें. प्रत्येक हाली रुपयाला साध्या कागदाची वेगळी पुडी करून तिच्यावर यादींतील क्रमांक घालावा. प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्या टाळाव्या, त्यांच्यामुळें चांदीवर हिरवट चिकटा येतो. मग रुपये विकावयाचे असतील तर खुशाल विकावे. वही मात्र घरीं ठेवावी, आणि तिची एक नक्कल तालुक्याच्या वाचनालयांत द्यावी.